मराठीतून जर्मनीला, जपानला

तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर शहरापासून साधारण 25 किलोमीटरवर गाडीवाट नावाचं गाव आहे. 2019 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेने चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, परकीय भाषा शिकायची झाली तर कोणती शिकाल? बहुतेक मुलांचं उत्तर ठाम होतं. त्यांना रोबोट आणि तंत्रज्ञानाचं वेड होतं, आणि रोबोट म्हटलं की जपान. तेव्हा जपानीच शिकायची. शाळेपाशी ना जपानीचं पुस्तक होतं, ना शिक्षक. गुरुजींनी इंटरनेटवरून, भाषांतराच्या अ‍ॅपवरून जमेल तेवढं गोळा करून सुरुवात केली. पुढे शहरातल्या एका भाषातज्ज्ञांच्या कानावर हे गेलं आणि त्यांनी पैसे न घेता ऑनलाइन तास घेतले. तोवर करोनाची टाळेबंदी लागली होती. ज्या घरात स्मार्टफोन होता त्या घरातलं मूल तासाला बसायचं आणि ‘विषयमित्र’ होऊन बाकीच्यांना शिकवायचं. 2020 मध्ये वृत्तसंस्थांनी ही बातमी देशभर पोचवली.

बातमीचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यातली सगळ्यांत मोलाची वाटते ती सुरुवात. मुलांना कुणीतरी विचारलं. परकीय भाषेच्या बाबतीत आपल्याकडे मूल सोडून बाकी सगळे बोलतात. पालक ‘स्कोप’ काय म्हणून चौकशी करतात, क्लासवाले पगाराचे आकडे सांगतात, शाळा वेळापत्रकात जागा शोधते. गाडीवाटच्या मुलांनी स्वतःचं कारण स्वतः आणलं होतं. ते कारण लहान मुलांचं होतं, पण त्यांचं होतं, म्हणून फोन नसतानाही ते टिकलं.

आता याच्या दुसऱ्या टोकाकडे बघू. पुण्या-मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जर्मन आणि फ्रेंचचे वर्ग भरलेले असतात. विद्यार्थ्यांना कारण विचारा, एकच शब्द ऐकू येतो: स्कोअरिंग. अकरावीत नव्याने सुरू होणारी भाषा, बेताचा अभ्यासक्रम, ठरलेले प्रश्न, त्यामुळे शंभरापैकी नव्वदच्या वर जाणं अवघड नाही. शाळेत आठवीपासून संस्कृत घेण्यामागेही कित्येकदा हाच हिशेब असतो. बारावीचा निकाल लागला की पुस्तक रद्दीत जातं. दोन वर्षं जर्मन शिकलेल्या आणि तिच्यात पंच्याण्णव गुण मिळवलेल्या मुलांना दोन वर्षांनी भेटावं, तर नाव-गाव सांगण्यापलीकडे त्यांच्यापाशी फारसं काही उरलेलं नसतं. मी या मुलांना दोष देत नाही. त्यांना गुण हे कारण दिलं गेलं, गुण मिळाले, कारण संपलं. शिकवणाऱ्यांना याची खंत असते. कित्येक शिक्षक आयुष्यभर मन लावून शिकवतात आणि दर वर्षी नवा वर्ग पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतात. पुढचा वर्ग भरेल एवढी मुलं मागे राहत नाहीत.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. भाषा शिकण्यामागच्या प्रेरणेचे अभ्यासक झोल्तान डर्नेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगेरीत 1993, 1999 आणि 2004 अशा तीन वेळा मिळून तेरा-चौदा वर्षांच्या 13,000 हून अधिक मुलांचा अभ्यास केला. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, रशियन या पाच भाषांबद्दल मुलांना काय वाटतं हे त्यांनी तपासलं. हंगेरीला ऑस्ट्रिया खेटून आहे, जर्मन ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची शेजारभाषा. तरीही इंग्रजीची ओढ वाढत गेली आणि जर्मनची ओसरत गेली. इंग्लंडने 2004 मध्ये चौदा वर्षांपुढच्या मुलांसाठी परकीय भाषेची सक्ती काढून टाकली, त्यानंतर तिथे भाषा घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. ज्याला इंग्रजी येते त्याला दुसरी भाषा कशाला, हे उत्तर जगभरच्या मुलांच्या मनात आपोआप तयार होतं. डर्नेई यांनी 2017 मध्ये अली अल-हूरी यांच्यासोबत एक लेख लिहिला. इंग्रजीखेरीज इतर भाषा शिकण्यामागची प्रेरणा वेगळी असते, हा त्याचा विषय. इंग्रजी का शिकतोस, असं कुणी विचारत नाही. जपानी का शिकतोस, हे घरचे, शेजारचे, मित्र सगळे विचारतात. म्हणून इतर भाषा शिकणाऱ्याचं कारण जास्त नेमकं, जास्त खासगी असावं लागतं. एखादा देश, एखादी माणसं, एखादं काम, एखादी गोष्ट.

महाराष्ट्रात मात्र मला आणखी एक अडचण दिसते. या लेखाचं मुख्य सांगणं तेच आहे.

*

पुणे हे परकीय भाषांचं जुनं शहर. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. तिथे जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी आणि स्पॅनिश शिकलेल्या पिढ्या आज शहरभर शिकवतात, भाषांतरं करतात, कंपन्यांत दुभाषे म्हणून बसतात. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन, पत्रकारनगरला आलियाँस फ्रान्सेज, शिवाय टिळक महाराष्ट्र विद्यापीठातला जपानी विभाग. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही परकीय भाषा शिकवतात. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेचं केंद्र पुण्यात आहे. जुलै किंवा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्या केंद्राबाहेर उभं राहिलं तर शाळकरी मुलींपासून पन्नाशीच्या अभियंत्यांपर्यंत सगळे दिसतात. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत, सुपे इथल्या औद्योगिक वसाहतीत जपानी कंपन्या, रांजणगावला कोरियन. कारणांना तोटा नाही.

या वर्गांत अलीकडे बार्शी, उदगीर, चाळीसगाव अशा ठिकाणांहून आलेली मुलं वाढली आहेत. नर्सिंग झालेल्या मुली, आयटीआय झालेले मुलगे, मराठी माध्यमातून आलेले. पहिले आठ-दहा तास ती उत्साहात असतात. शिक्षक थेट जर्मनमध्ये किंवा जपानीत बोलतात, चित्रं दाखवतात, सगळेच नवखे, सगळेच समान. मग व्याकरण सुरू होतं आणि समजावणी इंग्रजीत होते. डेटिव्ह, अ‍ॅक्युझेटिव्ह, रिलेटिव्ह क्लॉज, मोडल व्हर्ब. पुस्तकातल्या टिपा इंग्रजीत, शब्दांचे अर्थ इंग्रजीत, मोबाइलवरचं अ‍ॅप इंग्रजीत. ज्या मुलीने शाळेत चतुर्थी विभक्ती आणि ‘स, ला, ते’ पाठ केलेलं आहे, तिला डेटिव्ह म्हणजे त्याच घरातली गोष्ट, हे सांगायला कुणी नसतं. तिला वाटतं, आपलं इंग्रजी कच्चं, म्हणून जर्मन जमणार नाही. ती मागच्या बाकावर सरकते आणि काही आठवड्यांनी येणं थांबवते.

तिची प्रेरणा कमी नव्हती. आपण तिला जर्मनीला इंग्रजीच्या दारातून जायला सांगितलं. त्या दाराशी तिचे शाळेपासूनचे अपमान जमा झालेले आहेत. इंग्रजीत नापास झालेल्या मुलाला दुसरी परकीय भाषा म्हणजे त्या सगळ्यापासून सुटका होऊ शकते. इथे त्याच्या पुढे कुणी मागच्या पिढीपासून गेलेलं नसतं, कॉन्व्हेंटचा उच्चार नसतो, सगळ्यांचा पहिला दिवस एकच. ती सुटका आपण त्याच्याकडून काढून घेतो. आणि दुःखाची गोष्ट अशी, की या भाषांकडे जायला मराठी ही इंग्रजीपेक्षा कित्येक ठिकाणी जवळची वाट आहे.

*

जपानीपासून सुरुवात करू, कारण तिथे हे सगळ्यांत स्पष्ट दिसतं. जपानी वाक्यात कर्ता आधी, मग कर्म, क्रियापद शेवटी. ‘वाताशि वा रिंगो ओ ताबेरु’. मी सफरचंद खातो. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला इथे डोकं उलटं करावं लागतं, कारण त्याने ‘आय ईट’ ही जोडी मनात पक्की केलेली असते. मराठी मुलाला काही उलटं करायचं नसतं. जपानीत नामाच्या मागून प्रत्ययासारखे छोटे शब्द लागतात. कुठे जायचं ते सांगायला ‘नि’, कशाने किंवा कुठे करायचं ते सांगायला ‘दे’. आपल्या ‘ला’, ‘ने’, ‘त’सारखेच ते नामाला मागून चिकटतात. काल आलेला माणूस म्हणजे ‘किनो किता हितो’. काल, आलेला, माणूस, याच क्रमाने. इंग्रजीत इथे ‘हू’ आणावा लागतो, माणूस आधी आणि त्याचं येणं नंतर ठेवावं लागतं.

याहून आश्चर्याची गोष्ट जोडक्रियापदांची आहे. एखादा पदार्थ चाखायला सांगताना आपण म्हणतो, खाऊन बघ. जपानीत ‘ताबेते मिरु’. ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणं. एखादं काम आधीच उरकून ठेवायचं असेल तर आपण म्हणतो, करून ठेव. जपानीत ‘शिते ओकु’. शिते म्हणजे करून, ओकु म्हणजे ठेवणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही दोन रूपं समजावायला शिक्षकाला बराच वेळ घालवावा लागतो, कारण बघण्याचा आणि प्रयत्न करण्याचा संबंध काय, हे त्याला कळत नाही. मराठी घरातल्या मुलाला हे जन्मापासून ठाऊक आहे. मराठी वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं जातं तेव्हा मुलं एकमेकांकडे बघून हसतात, आणि मग स्वतःच नवी उदाहरणं शोधू लागतात. विचारून बघ, लिहून ठेव, घालून बघ. ज्या तासाला मूल स्वतः उदाहरणं शोधू लागतं, त्या तासानंतर त्याला प्रेरणा द्यायला बाहेरून कुणाला यावं लागत नाही.

लिपीचंही तसंच. जपानी मुलं आपली मूळ अक्षरं ज्या क्रमाने शिकतात तो असा: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा यांच्या ओळी. आपली वर्णमाला डोळ्यांपुढे आणा. क-वर्ग, च-वर्गाच्या जागी स, मग त आणि न, प-वर्गाच्या जागी ह, मग म, य, र, व. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्र सिद्धम् लिपीतून चीनमार्गे जपानला नेले. कूकाई हा भिक्षू 806 मध्ये चीनहून परतला तेव्हा त्याच्याबरोबर हे ज्ञान होतं, आणि जपानच्या शिंगोन पंथात सिद्धम् अक्षरं आजही लिहिली जातात. त्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम घडला. म्हणजे बालवाडीत बाराखडी घोकलेल्या मुलाने जपानी अक्षरमालेचा सांगाडा आधीच पाठ केलेला असतो. मी ही माहिती शाळेतल्या मुलांना सांगितली आहे. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला मी अभिमान म्हणणार नाही. ओळख पटल्याचा आनंद म्हणेन.

जर्मनकडे वळलं तर तीन लिंगं समोर येतात. डेर, डी, डास. इंग्रजीतून येणारा विद्यार्थी टेबलाला लिंग असतं याच्यावरच अडतो. मराठी मुलाला टेबल नपुंसकलिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि पंखा पुल्लिंगी असतो हे कुणी शिकवावं लागत नाही. हिंदीत दोनच लिंगं आहेत, आपल्याकडे तिन्ही शाबूत आहेत. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी, ‘डास मेडशन’, याचं सगळ्यांना नवल वाटतं. मालवणी मुलखातल्या विद्यार्थ्याला वाटायचं कारण नाही. त्याच्या घरी मुलीला ‘ता चेडू’ असं नपुंसकलिंगीच म्हणतात.

आणि हे वाक्य बघा: ‘वाइल इश हॉइटं कोमन कान’. कारण मी आज येऊ शकतो. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, हॉइटं म्हणजे आज, कोमन म्हणजे येऊ, कान म्हणजे शकतो. पाच शब्दांना पाच शब्द, त्याच क्रमाने. जर्मनच्या वर्गात दुय्यम वाक्यात क्रियापद शेवटी जातं हा नियम कठीण समजला जातो. मराठीतून बघितलं तर तो नियम म्हणून शिकण्याचीही फारशी गरज नाही.

एकवीसला जर्मन माणूस आपल्यासारखंच एक आधी घेऊन ‘एक-आणि-वीस’ म्हणतो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. जर्मनीतही संख्या उलट्या बोलल्या जातात म्हणून लहान मुलं चुकतात, ही तक्रार जुनी आहे. हे त्या वादात कुणी सांगितलं असतं, तर आपल्या एकवीस-बावीसकडे थोडं वेगळ्या नजरेने बघितलं गेलं असतं. फ्रेंच माणूस ऐंशीला ‘चार विसा’ म्हणतो, आणि आपल्या खेड्यांतले म्हातारे विसांनीच मोजत. तू आणि तुम्ही हा फरक फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन सगळ्यांत आहे, इंग्रजीत नाही. सासूबाईंना कुठलं सर्वनाम लावायचं हे कळणाऱ्या मुलीला फ्रेंचमध्ये कुठे ‘तू’ आणि कुठे ‘व्हू’ हे सांगावं लागत नाही. फ्रेंचमधला ‘त’ आपल्या त-सारखा दंत्य आहे. जर्मनमधला ‘त्स’ चमच्यातल्या च-च्या अगदी जवळचा आहे; तो उच्चार हिंदी भाषकांना मुद्दाम शिकावा लागतो.

याचा अर्थ मराठी येते म्हणून या भाषा सोप्या होतात, असं मी म्हणत नाही. जर्मन विशेषणांचे शेवट महिनोन्‌महिने रडवतात. जपानी शाळा संपेपर्यंत शिकायच्या कांजी 2,136 आहेत आणि तिथे मराठीची काहीही मदत होत नाही. फ्रेंच लिहितात एक आणि वाचतात दुसरं. पण शिकण्यातला कठीण भाग हा सगळ्यांनाच कठीण असतो. जिथे सोपं होऊ शकतं तिथे आपण ते अवघड करून ठेवलं आहे, हे मला सलतं.

यात आणखी एक चिंता दडलेली आहे. इंग्रजी माध्यमात गेलेल्या आपल्या मुलांचं मराठी घरातल्या चार वाक्यांपुरतं उरलं, तर ही वाटही पुसट होईल. विभक्ती, प्रयोग, समास हे शाळेत नुसतं घोकायला लावून आपण आधीच नकोसं करून ठेवलं आहे. मराठीचा शिक्षक आणि जर्मनचा शिक्षक एका शाळेत असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. ते बोलले, तर दोन्ही तासांचा फायदा होईल.

*

आता पोटापाण्याच्या कारणाकडे. त्याला कमी लेखणं मला पटत नाही. गरीब घरातल्या मुलीने जर्मन शिकून तिथल्या रुग्णालयात नोकरी धरावी, यात कसलाही हलकेपणा नाही. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला 10,000 कुशल तरुणांना तिथे पाठवायचं, परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, चालक अशा व्यवसायांत, आणि त्यासाठी त्यांना जर्मन शिकवायची. त्याच वर्षी जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक मर्यादा 20,000 वरून 90,000 केली. जपाननेही 2019 पासून ठरावीक व्यवसायांतल्या परदेशी कामगारांना वेगळा व्हिसा सुरू केला आहे, त्यालाही भाषेची परीक्षा लागते.

या योजनांच्या यशाचं गणित भाषेत आहे, आणि तिथेच सगळ्यांत कमी लक्ष जातं. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-टू ही जर्मनची बरीच वरची पातळी लागते. तिथवर पोचायला 600 ते 800 तासिका लागतात, असा जर्मन शिकवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटचा अंदाज आहे. म्हणजे रोज दोन-तीन तास, आठवड्याचे पाच दिवस, साधारण वर्षभर. हे ज्या मुलीला सुरुवातीला सांगितलं जात नाही, ती तिसऱ्या महिन्यात स्वतःला मठ्ठ समजू लागते. जाहिराती मात्र काही महिन्यांत जर्मनी दाखवतात. कर्ज काढून भरलेली फी, एकदा नापास, दुसऱ्यांदा परीक्षा शुल्क, आणि गावात विचारणारे लोक. या मुलींना सर्वांत जास्त काय हवं असतं, तर आधी गेलेल्या कुणाचा तरी आवाज. जी दोन वर्षांपूर्वी याच वर्गात बसली होती आणि आज श्टुटगार्टला रात्रपाळी करते, तिने अर्धा तास व्हिडिओ कॉलवर येऊन आपण किती वेळा नापास झालो आणि रुग्ण बोलीभाषेत बोलतात तेव्हा काय करतो हे सांगितलं, तर त्या अर्ध्या तासाने जे होतं ते कुठल्याही प्रेरक भाषणाने होत नाही. चांगल्या संस्था हे करू लागल्या आहेत. सरकारी योजनेत ते प्रत्येक तुकडीसाठी ठरवून असायला हवं, आणि व्याकरणाच्या टिपा मराठीत असायला हव्यात. प्लंबरला जर्मन शिकवायची तर आधी त्याला इंग्रजी शिकवायची का?

धोरणांच्या पातळीवर मुलांच्या कारणाची कदर फारशी झालेली नाही. 2011 पासून केंद्रीय विद्यालयांत सहावी ते आठवीला जर्मन तिसरी भाषा म्हणून शिकवली जात होती. सत्तर हजारांहून अधिक मुलं ती शिकत होती. 2014 च्या नोव्हेंबरात, वर्ष निम्म्यावर आलेलं असताना, ती तिसरी भाषा म्हणून बंद झाली. कुठली भाषा असावी यावर दोन बाजू असू शकतात, पण शिकत असलेल्या मुलाच्या हातून भाषा वर्षाच्या मध्यावर काढून घेतली की त्याला काय कळतं? आपल्या मेहनतीला काही किंमत नाही, हे कळतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक पातळीवर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन यांची नावं घेतली आहेत. शिक्षक कुठून येणार हा प्रश्न तिथे सुटत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून जे रान पेटलं, त्यात लहान मुलांवर भाषा लादू नका हे म्हणणं मला पूर्ण पटलं होतं. पण मोठ्या मुलांना निवड कशी द्यायची, कोणत्या वयात, कुणी शिकवायचं, ही चर्चा त्या गदारोळात मागे पडली. ती मागे पडायला नको होती.

*

नोकरीपलीकडेही कारणं आहेत, आणि मराठी माणसाच्या बाबतीत ती फार जवळची आहेत. गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं. तेवढ्या एका वाचनाने त्यांना घर सोडायला लावलं. पुणे, काशी, नेपाळ करत ते श्रीलंकेला पोचले, पाली शिकले, सिंहली आणि ब्रह्मी लिपीतले ग्रंथ वाचू लागले, आणि पुढे हार्वर्ड आणि लेनिनग्राडपर्यंत गेले. त्यांना कुणी स्कोप सांगितला नव्हता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला गेल्या आणि मानवी कवटीच्या असमतेवरचा आपला प्रबंध जर्मनमध्ये लिहिला.

उलट दिशेचीही माणसं आहेत. गी पॉइतव्हाँ हे फ्रेंच गृहस्थ पुण्यात राहिले, मराठी शिकले, आणि हेमा राईरकरांबरोबर मावळातल्या, मराठवाड्यातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करत राहिले. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह उभा राहिला. जर्मनीचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर फिरले आणि त्यांनी खंडोबावर आयुष्य घालवलं. ओवी कळावी, खंडोबा कळावा म्हणून ही माणसं आपली भाषा शिकली. आपल्या एखाद्या मुलाला कुठल्या दूरच्या गावचं लोकगीत किंवा कुठला देव असाच हाक मारत असेल, तर त्याच्या हाकेला वाट करून द्यायला आपली शाळा तयार असावी, असं मला मनापासून वाटतं. आजच्या मुलांना तशा हाका पडद्यावरून येतात. कुणी जपानी अ‍ॅनिमे सबटायटलविना बघता यावी म्हणून शिकतं, कुणी कोरियन गाण्यासाठी. या कारणांवर नाकं मुरडणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि मला ते चुकीचे वाटतात. गाण्याच्या ओळी उतरवून काढताना मूल जेवढे तास घालवतं, तेवढे आपण गृहपाठाला लावू शकत नाही.

आणि इतिहास. ज्या राज्यात शिवाजी महाराजांवर इतकं बोललं जातं, तिथे महाराजांविषयीची समकालीन साधनं पोर्तुगीजमध्ये आहेत, डचमध्ये आहेत, फ्रेंचमध्ये आहेत, फारसीत आहेत. डचांची वखार वेंगुर्ल्याला होती. महाराजांच्या कर्नाटक स्वारीची नोंद फ्रेंच कंपनीच्या फ्रांस्वा मार्तँच्या लेखनात आहे. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर पोर्तुगीज जाणत होते म्हणून पणजीच्या दप्तरखान्यातून मराठे आणि पोर्तुगीज यांचे संबंध आपल्यापुढे आले. सेतुमाधवराव पगडी फारसी जाणत होते म्हणून मोगल दरबाराच्या कागदांतले मराठे मराठीत आले. ही माणसं गेली, त्यांच्या जागी उभी राहणारी फार थोडी आहेत. दर शिवजयंतीला गडावर जाणाऱ्या मुलांपैकी काहींना तरी, महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला, कुणीतरी पणजीच्या दप्तरखान्यात नेऊन तिथले पोर्तुगीज खंड उघडून दाखवायला हवेत: यात तुझ्या राजाबद्दल लिहिलं आहे, वाचायचं असेल तर पोर्तुगीज शीक. सतराव्या शतकातलं हस्ताक्षर वाचण्याइतकी भाषा यायला पाच-सहा वर्षं जातात. म्हणून ही सहल पुढच्या वर्षावर न ढकलता याच वर्षी निघावी, आणि त्या मुलांसाठी पोर्तुगीज व्याकरणाच्या पहिल्या टिपा मराठीत लिहायला कुणीतरी आजच बसावं.